टॅबलेटवरील टपाल आणि दप्तरदारी

कोणत्याही तहसील कचेरीत ज्या मेजापाशी गर्दी सर्वांत अधिक आणि अधिकार सर्वांत कमी असतो, ते मेज बहुधा बारनिशीचे असते. आलेला प्रत्येक कागद तेथे उघडला जातो, त्यावर तारखेचा शिक्का उमटतो, आवक नोंदवहीत त्यास क्रमांक मिळतो, तो कोणाकडून आला, कोणत्या विषयाचा आहे आणि त्यासोबत किती सहपत्रे आहेत याची एक ओळ लिहिली जाते, आणि एवढे संस्कार झाल्यावरच तो ज्याच्या त्याच्या टेबलाकडे रवाना होतो. बाहेर जाणाऱ्या कागदाचेही तसेच. जावक क्रमांकावाचून निघालेले पत्र निघालेच नाही असे धरण्याची कचेरीची रीत आहे. या कामाला कोणी बुद्धीचे काम म्हणत नाही, आणि ते करणाऱ्या कारकुनास कोणी नावाजीत नाही. परंतु तीस वर्षांपूर्वीच्या अर्जाचा माग ज्या दिवशी काढावा लागतो, त्या दिवशी साहेबांच्या सहीपेक्षा बारनिशीतील ती एक ओळच अधिक कामास येते.

टॅबलेट ज्याच्या हाती आला त्याच्या हाती टपालपेटी, नक्कलखाना, छायाचित्राची खोली आणि कागदपत्रांची कपाटे अशी अवघी कचेरी एकदम आली. आला नाही तो फक्त बारनिशीचा कारकून. ई-मेलने कागद धाडण्याच्या आणि आलेले कागद सांभाळण्याच्या कामी सामान्य माणसाची जी त्रेधा उडते, तिचे मूळ माझ्या मते यंत्राच्या गहनतेत नसून या एका रिकाम्या खुर्चीत आहे. यंत्राने कारकून घालविला, कारकुनी घालविली नाही; ती टॅबलेटच्या मालकाकडे आली, आणि ती आली आहे हे त्याला कोणी सांगितले नाही. प्रस्तुत प्रकरणात ती कशी करावी हे सांगावयाचे आहे, आणि उदाहरणे शक्यतो जालना जिल्ह्यातील घ्यावयाची आहेत, कारण कागद जपण्याची गरज आणि कागद हरवण्याचे प्रसंग या दोहोंचा अनुभव या मुलखाला भरपूर आहे.

जालना हा जिल्हा म्हणून तरुण आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग आणि परभणी जिल्ह्यातील परतूरचा भाग मिळून तो झाला. त्यामुळे त्यापूर्वीचे कागद शोधू जाणाऱ्यास या दोन जुन्या जिल्ह्यांची दप्तरे धुंडाळावी लागतात. त्याहून मागे गेल्यास सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील दरबारी लेखनाची भाषा आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उर्दू झाली, तर गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या हातचे लेखन मोडीत चालत राहिले. टपालही दुहेरी होते. संस्थानाने १८६९ साली स्वतःची तिकिटे काढली. ती संस्थानाच्या हद्दीत चालत, आणि हद्दीबाहेर पत्र धाडावयाचे तर इंग्रज सरकारचे तिकीट लागे. ही स्वतंत्र टपालव्यवस्था १ एप्रिल १९५० रोजी भारताच्या टपाल खात्यात विलीन झाली. पुढे १९५४-५५ च्या सुमारास मराठवाड्यात खासरा पत्रके तयार झाली, त्यानंतर सातबारा आला. सबब अंबड किंवा भोकरदन तालुक्यातील एखाद्या जुन्या घरी उर्दू, मोडी आणि बाळबोध अशा तीन लिप्यांतील कागद एकाच फडक्यात बांधलेले सापडावेत यात नवल काहीच नाही.

या कागदांना २०२३ साली अकस्मात भाव आला. मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, अभिलेखागारांतील रुमाल सुटले, मोडी आणि उर्दू वाचणारांची मागणी वाढली, आणि सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. मराठा आरक्षणाच्या मागणीचा निकाल काय लागावा हा या पुस्तकाचा विषय नव्हे. परंतु त्या धामधुमीत हजारो सामान्य माणसांना जुना कागद टिपणे, तो जाणकाराकडे वाचावयास धाडणे, त्याची प्रत नातलगांना देणे आणि पुन्हा लागेल म्हणून जपून ठेवणे ही चारही कामे हातातल्या उपकरणावर प्रथमच करावी लागली, एवढे येथे नोंदविणे अगत्याचे आहे.

कागद वेळेवर आणि खात्रीने पोहोचावा ही चिंता मात्र फार जुनी. जिल्ह्याच्या उत्तर भागातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी जी लढाई दिली, तिचा वृत्तांत त्याने दुसऱ्याच दिवशी आपल्या छावणीतून गव्हर्नर-जनरल असलेल्या आपल्या वडील बंधूस लिहिला. त्या काळी महत्त्वाच्या खलित्याच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या वाटांनी रवाना करण्याची चाल होती, कारण हरकारा वाटेत मारला जाई, नदीला पूर येई, आणि पाठविणारास पोच हाती येईपर्यंत पत्राचे काय झाले हे कळण्याचा मार्ग नसे. आज मंठ्याहून धाडलेले पत्र मुंबईस काही क्षणांत जाते. तथापि ते गेले की नाही, योग्य माणसाकडे गेले की नाही आणि त्याने ते पाहिले की नाही हे तिन्ही प्रश्न जेथल्या तेथे उभे आहेत.

टॅबलेट या वस्तूविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. २०१० साली ॲपलच्या आयपॅडने ती लोकप्रिय केली, २०११ च्या ऑक्टोबरात भारत सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅबलेट मोठ्या समारंभाने पुढे आणला, आणि अलीकडे नागपूरच्या ‘महाज्योती’ या संस्थेने अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या मागासवर्गीय मुलामुलींना टॅबलेट दिले. परीक्षा होऊन मुलगा पुण्यास किंवा संभाजीनगरास शिकावयास गेला की असा टॅब घरी राहतो, आणि मग बाप त्यावर सातबारा पाहतो, आई बचतगटाचे ठराव धाडते, थोरला भाऊ बियाणे कंपनीचे दरपत्रक उघडतो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको स्थापन केल्यापासून जालना बियाण्यांचे गाव झाले. त्याच्या जोडीला लोखंडी सळ्यांचे कारखाने आले. या दोन्ही धंद्यांत उगवणशक्तीचे अहवाल, काटापावत्या, बिले यांचे दळणवळण अहोरात्र चालते आणि त्यातले पुष्कळसे आता ई-मेलने होते. मोबाइलच्या मानाने टॅबलेटचा पडदा मोठा, त्यामुळे सातबाऱ्याचे रुंद तक्ते डोळे न ताणता वाचता येतात, हा त्याचा मुख्य गुण. दोष असा की तो मांडीवर घेऊन, लोळत, बोलता बोलता वापरण्याची वस्तू आहे. आणि सरकारी कागद लोळत धाडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ई-मेलची घडण थोडी समजून घेतली तर पुढचे पुष्कळ नियम आपोआप उलगडतात. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील माणसास निरोप धाडण्याची सोय केली आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ते सुप्रसिद्ध गोल चिन्ह ठेवले. परंतु ती व्यवस्था इंग्रजी मुळाक्षरे आणि आकडे यांपुरतीच होती; चित्र, ध्वनी किंवा देवनागरी अक्षर तिच्या वाटेने जाऊ शकत नसे. १९९२ साली नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ नावाची पद्धती सिद्ध केली, आणि तेव्हापासून ई-मेलला सहपत्र जोडता येऊ लागले. युक्ती अशी की, फाइलमधील दर तीन घटकांची चार साध्या इंग्रजी अक्षरांत भाषांतरवजा मांडणी करावयाची, ती अक्षरे पत्रातूनच पाठवावयाची, आणि पलीकडे उतरल्यावर त्यांची पुन्हा मूळ फाइल करावयाची. आपण धाडलेला सातबारा म्हणजे प्रवासात अर्थहीन अक्षरांची एक लांबलचक माळ असते! तीनाची चार होतात म्हणून सहपत्राचे वजन वाटेत सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. २० एमबीची फाइल २७ एमबीच्या आसपास जाते. ‘मर्यादा २५ एमबीची, माझी फाइल २०ची, तरी ती परत का आली’ हा प्रश्न कित्येकांना पडतो, त्याचे एक उत्तर हे आहे.

आता मुख्य कामाकडे वळू. कागद धाडण्यापूर्वी तो धाडण्याजोगा करावा लागतो, आणि निम्म्याहून अधिक अपयश येथेच पदरी पडते. लोक कागद अंथरुणावर ठेवतात, दिव्याखाली उभे राहतात, स्वतःची सावली त्यावर पाडतात आणि कॅमेऱ्याचे बटण दाबतात. मग तिरपा, एका कोपऱ्यात काळवंडलेला, सतरंजीच्या नक्षीसह असा कागद साहेबांच्या पडद्यावर उगवतो. टॅबलेटवर कागद टिपण्याची वेगळी सोय असते. गूगल ड्राइव्हमध्ये ‘स्कॅन’ आहे, आयपॅडच्या ‘फाइल्स’मध्ये आणि ‘नोट्स’मध्येही आहे. ती कागदाच्या कडा ओळखते, तिरपेपणा सरळ करते, पार्श्वभूमी पांढरी करते, आणि दहा पानांची दहा चित्रे न करता एकच पीडीएफ बांधून देते. कागद सपाट, गडद रंगाच्या एकरंगी पृष्ठावर ठेवावा, खिडकीशी दिवसाच्या उजेडात टिपावा, आणि चारही समास प्रतिमेत येतील अशी काळजी घ्यावी. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला आहे, आणि कडेने कागद झिजला तरी अक्षर शाबूत राहावे म्हणून भोवती मोकळी जागा सोडण्याची दक्षता त्यांनी त्यात सांगितली आहे. ज्याने लिहिले त्याने समास राखला, तो टिपणाराने कापू नये. जुन्या कागदावरील शिक्का, मुद्रांकाचा छाप, बारनिशीचा क्रमांक हे सारे पुष्कळदा समासातच असते.

उर्दू आणि मोडी कागदांच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. स्कॅनची सोय कागद स्वच्छ दिसावा म्हणून फिकट रेषा पुसून टाकते. छापील अर्जास हे उपकारक, पण उर्दूतील नुक्ते आणि शिळ्या शाईची मोडी वळणे त्यात नाहीशी होऊ शकतात, आणि नुक्ता गेला की नाव बदलते. असा कागद रंगीत स्वरूपातच टिपावा, पानाची मागची बाजू कोरी वाटली तरी तिचीही प्रतिमा घ्यावी, आणि फाइल लहान करण्याचा मोह आवरावा. वाचणाराला दिलेली धूसर प्रत म्हणजे त्याच्याकडून चुकीचे वाचन मागवून घेणे होय.

याच्या अगदी उलट नियम नव्या कागदांना लागू आहे. महाराष्ट्रात २०१८ सालच्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पुष्कळ लोक तो केंद्रावर छापून घेतात, घरी आणतात, त्याचे छायाचित्र काढतात आणि ते छायाचित्र ई-मेलने धाडतात. डिजिटल स्वाक्षरी ही कागदावर दिसणारी खूण नव्हे. ती मूळ पीडीएफ फाइलच्या अंगात असते आणि फाइलमध्ये एका अक्षराचा फरक पडला तरी तिची तपासणी तो फरक उघड करते. छापलेल्या प्रतीच्या छायाचित्रात ती स्वाक्षरी उरत नाही, उरते ते तिचे चित्र. म्हणून जी फाइल संकेतस्थळावरून उतरली तीच, तिला हात न लावता, जशीच्या तशी जोडावी.

अक्षरांची गोष्ट निराळी आहे. परतूरच्या किंवा मंठ्याच्या टंकलेखनाच्या दुकानात श्रीलिपी अथवा कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचांत केलेला अर्ज दुकानातील संगणकावर उत्तम दिसतो, आणि टॅबलेटवर उघडताच त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडतो. कारण त्या संचांत मराठी अक्षर हे इंग्रजी अक्षराच्या जागी बसविलेले सोंग असते. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर सर्वत्र सारखा दिसतो. दुकानदारास युनिकोड येत नसेल तर त्याच्याकडून निदान पीडीएफ तरी मागावी, म्हणजे अक्षरे फाइलबरोबर येतात. ज्या मजकुरात दुसऱ्याने दुरुस्ती करावयाची आहे तो लेखनाच्या फाइलमध्ये, आणि ज्यात कोणी अक्षर बदलू नये तो पीडीएफमध्ये, अशी वाटणी ठेवली की पुष्कळ घोटाळे टळतात.

धाडण्यापूर्वी फाइलला नाव द्यावे. कॅमेरा आकड्यांचे जे नाव देतो, ते धाडणारास कळत नाही आणि घेणारासही कळत नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कागदाचा प्रकार, मग गाव आणि गट क्रमांक असा क्रम ठेवल्यास यादी आपोआप कालानुक्रमे लागते. पाच वर्षांनी ‘२०२४-०६-१३ फेरफार बदनापूर’ असे नाव दिसले की फाइल उघडण्याचीही गरज उरत नाही.

पत्र लिहिताना माझी शिफारस रूढ क्रमाच्या विरुद्ध आहे. ई-मेलच्या कोऱ्या पानावर पत्ता सर्वांत वर असतो म्हणून लोक तो प्रथम भरतात; बोट चुकून ‘पाठवा’वर पडले तर अर्धे पत्र, तेही सहपत्रावाचून, साहेबांकडे निघून जाते. आधी फाइल जोडावी, ती एकदा उघडून तीच आहे ना हे पाहावे, मग मजकूर लिहावा, मग विषय, आणि पत्ता अगदी शेवटी घालावा. पत्ता घालतानाही सावध असावे, कारण दोन अक्षरे टाकताच यंत्र जुन्या पत्रव्यवहारातील नाव सुचविते, आणि एकाच आडनावाचे पाच इसम ज्या गावात असतात तेथे यंत्राने सुचविलेला इसम हा आपला इसम असेलच असे नाही. जीमेलमध्ये पत्र निघाल्यावर काही क्षण ते मागे घेण्याची सोय असते. तेवढी घटका टळली की ते परत येत नाही. एकाच टॅबवर बापाचे, मुलाचे आणि दुकानाचे अशी तीन खाती असली तर पत्र कोणाच्या नावाने जात आहे हेही वरच्या ओळीत पाहून घ्यावे.

विषयाची ओळ म्हणजेच आपली जावक नोंद. ‘अर्ज’, ‘कागदपत्रे’, ‘अर्जंट’ असले विषय लिहू नयेत. कागद कोणता, कोणत्या गावचा, कोणत्या प्रकरणी आणि मागील पत्राचा क्रमांक असल्यास तो, एवढे एका ओळीत मावते. मजकुराच्या शेवटी सहपत्रांची संख्या आणि नावे लिहिण्याची सरकारी रीत ई-मेलमध्येही सोडू नये. चार सहपत्रे लिहून तीनच जोडली गेली असतील तर निदान समोरच्यास ते कळते. ज्यांना केवळ माहितीसाठी प्रत द्यावयाची त्यांचे पत्ते ‘सीसी’त घालावेत, आणि एकच सूचना पन्नास सभासदांना धाडावयाची असेल तर ‘बीसीसी’त, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्यास फुकट वाटला जाणार नाही.

मोठी फाइल जोडता येत नाही तेव्हा जीमेल ती ड्राइव्हवर ठेवून पत्रातून दुवा पाठविते. येथे नेहमीची खोट अशी की, दुवा जातो पण उघडण्याची परवानगी जात नाही. समोरचा अधिकारी परवानगी मागतो, ती मागणी आपल्या टपालात चार दिवस न वाचता पडून राहते, आणि मुदत टळते. शिवाय दुव्यामागची फाइल आपण पुढे बदलू किंवा पुसू शकतो, म्हणून पुराव्याचा कागद शक्यतो सहपत्र म्हणूनच धाडावा, मग तो दोन पत्रांत विभागावा लागला तरी चालेल.

पत्र पोहोचले केव्हा, याविषयी कायदा बराच स्पष्ट आहे आणि तो फारसा कोणी वाचत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० साली झाला आणि त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर, पत्र पाठविणाराच्या ताब्याबाहेरील संगणकव्यवस्थेत शिरले की ते रवाना झाले. आणि घेणाराने त्यासाठी विवक्षित पत्ता ठरवून दिला असेल तर त्या पत्त्यावर ते शिरताच ते पोहोचले, त्याने ते वाचलेले असो वा नसो. परंतु ठरवून दिलेल्या पत्त्याऐवजी त्याच्या दुसऱ्याच एखाद्या पत्त्यावर धाडले, तर तो ते उघडील तेव्हाच पोहोचले असे धरले जाते. मुदतीच्या अर्जात या भेदाने सारा निकाल फिरू शकतो. म्हणून जाहिरातीत किंवा नोटिशीत जो पत्ता छापला असेल त्यावरच अर्ज धाडावा, ओळखीच्या कारकुनाच्या खाजगी पत्त्यावर नव्हे. बाराव्या कलमात पोचेची तरतूद आहे: पोच मिळाली तरच हे पत्र बंधनकारक, असे पाठविणाराने आधी लिहिले असेल, तर पोच येईपर्यंत ते पत्र पाठविलेच नाही असे समजले जाते.

आणखी एक कलम नववे. चौथ्या कलमाने इलेक्ट्रॉनिक कागदास लेखी कागदाची मान्यता दिली हे खरे. तथापि नववे कलम सांगते की, सरकारी कचेरीने कागद इलेक्ट्रॉनिक रूपातच स्वीकारावा असा आग्रह धरण्याचा हक्क त्यामुळे कोणास मिळत नाही. ‘ई-मेल केला आहे’ असे आपण म्हणतो आणि ‘कागद घेऊन या’ असे कारकून म्हणतो, तेव्हा त्याचा तो हेकटपणाच असतो असे मानू नये. माहितीच्या अधिकाराची गोष्ट वेगळी. २००५ च्या त्या अधिनियमाच्या सहाव्या कलमानेच अर्ज इलेक्ट्रॉनिक साधनाने करता येतो असे म्हटले आहे, शुल्क मात्र भरावे लागते.

येथवर जावकेचे झाले. आवकेची दशा याहून वाईट असते. टॅबलेट उघडावा तर न वाचलेल्या पत्रांचा आकडा हजारांत, आणि त्यांतील बहुसंख्य पत्रे जाहिरातींची. त्यांना एकेक करून पुसण्यात हशील नाही; ज्या दुकानाची पत्रे नकोत त्याच्या पत्राच्या तळाशी ‘अनसबस्क्राइब’ असते ते एकदा दाबावे, म्हणजे मूळच तुटते. मात्र हा उपाय ओळखीच्या प्रेषकांपुरताच. अनोळखी पत्रातील कोणताही दुवा दाबू नये, त्यास सरळ ‘स्पॅम’मध्ये टाकावे. राहिलेल्या पत्रांसाठी जमीन, बँक, शिक्षण, दवाखाना अशी चार-पाच लेबले पुरतात. पंचवीस लेबले करणारास पुढे कोणते पत्र कोठे ठेवले हेच आठवत नाही, आणि शोधाची चौकट इतकी समर्थ आहे की प्रेषकाचे नाव, सुमाराची तारीख आणि सहपत्र असल्याची अट एवढ्यावर दहा वर्षांपूर्वीचे पत्र निघते. विषयाची ओळ नीट लिहावी असे जे वर सांगितले त्याचे फळ येथे मिळते.

‘अर्काइव्ह’ आणि ‘डिलीट’ यांतील भेद कळला पाहिजे. पहिल्याने पत्र समोरून हलते पण दप्तरात राहते. दुसऱ्याने ते कचऱ्याच्या पेटीत जाते आणि जीमेलमध्ये तीस दिवसांनी कायमचे नष्ट होते. टॅबवर बोट आडवे ओढले की यांपैकी काहीतरी एक घडते. कोणते घडावे हे सेटिंगमध्ये ठरविता येते, आणि तेथे ‘अर्काइव्ह’ ठेवावे हे बरे. ‘टॅबवरून पुसले, मोबाइलवर आहेच’ ही समजूत घातक आहे. पूर्वीच्या ‘पॉप’ पद्धतीत पत्र उपकरणावर उतरत असे. आजची नेहमीची व्यवस्था अशी की पत्र दूरच्या संगणकावर एकच असते, आणि टॅब, मोबाइल व दुकानातील संगणक या त्याच्या नुसत्या खिडक्या असतात. एका खिडकीतून पुसलेले सर्व खिडक्यांतून पुसले जाते.

गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते, आणि ती टपाल, ड्राइव्ह व फोटो यांत सामाईक असते. लग्नाच्या चित्रफितींनी ती भरली की नवे पत्र आत येणे बंद पडते, आणि मुलाखतीचे बोलावणे धाडणाराकडे परत जाते. ज्यास बोलावले त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून जागेचा आकडा अधूनमधून पाहावा. दुसरे, गावात वीज नसते, मनोरा बंद असतो, अशा वेळी ‘पाठवा’ दाबलेले पत्र ‘आउटबॉक्स’मध्ये थांबते, ते ‘सेंट’मध्ये गेलेले डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ते गेले असे समजू नये. आणि गेल्यानंतरही काही वेळाने ‘पोहोचले नाही’ असे इंग्रजी पत्र यंत्राकडून येते, ते जाहिरात समजून पुसू नये.

ओळखपत्रांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आधारची प्रत मागितली तर, चालत असेल तेथे, पहिले आठ आकडे झाकलेली ‘मास्क्ड’ प्रत द्यावी. ई-आधारच्या फाइलचा परवलीचा शब्द म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. तो ठरीव असल्याने कुलूप नावापुरतेच आहे, याची जाणीव असू द्यावी. स्वतः कुलूप लावलेली फाइल धाडली तर तिचा शब्द त्याच पत्रात लिहू नये, फोनवर सांगावा. घरच्या सर्वांच्या हाती फिरणाऱ्या टॅबला पडद्याचे कुलूप असावे, आणि खात्याला दुहेरी पडताळणी लावावी.

आता शेवटची गोष्ट, आणि जालन्याच्या खेड्यांत तीच सर्वांत निकडीची आहे. प्रवेशाच्या, शिष्यवृत्तीच्या किंवा भरतीच्या अर्जासाठी ई-मेल खाते लागते, ते सेवा केंद्रावरचा मुलगा घाईने उघडून देतो, परवलीचा शब्द एका पावतीच्या पाठीवर लिहिला जातो, पडताळणीसाठी कधी केंद्राचाच फोन क्रमांक घातला जातो, आणि अर्ज गेला की ते खाते विसरले जाते. त्या खात्यात मात्र गुणपत्रिका, प्रवेशपत्रे, पैसे भरल्याच्या पावत्या पडून असतात. गूगलने २०२३ साली जाहीर केलेल्या धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते, त्यातील टपाल आणि फाइलींसह, नष्ट केले जाऊ शकते. आपल्या घरातील कोणाच्याही नावे असे खाते असेल तर ते या आठवड्यातच उघडून पाहावे, त्यातील फोन क्रमांक बदलून आपला घालावा, आणि महत्त्वाच्या फाइली उतरवून त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक छापील प्रत घरच्या कागदांच्या फडक्यात ठेवावी.